समीकरणातली गाडी थांबत का नाही?

मुंबईत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. १२०० किलोची मोटार सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. ड्रायव्हरने गाडी न्यूट्रलला टाकली, ब्रेकला पाय लावला नाही. असाइनमेंटमध्ये रोध वेगाच्या प्रमाणात धरायला सांगितला आहे आणि स्थिरांक ४० दिला आहे. विद्यार्थ्याने डिफरन्शियल इक्वेशन सोडवले, तर उत्तर आले की गाडी ६०० मीटरच्या पलीकडे कधी जाणार नाही, पण थांबणारही कधी नाही. मित्राने रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला, तर गाडी थांबतही नाही आणि अंतरालाही मर्यादा उरत नाही. दोघांनी गणित पुन्हा पुन्हा तपासले. प्रश्न असा की बरोबर कोण, आणि रस्त्यावरची गाडी तर थांबते, मग गणित असे का म्हणते?

गणित दोघांचेही बरोबर आहे. समीकरण मात्र दोघांचेही अपुरे आहे. गाडी थांबत नाही हे उत्तर आले की इंटिग्रेशनमध्ये चूक शोधत बसू नका, बलांच्या यादीत काय राहिले ते बघा. वाहनांच्या ब्रेक-चाचणीत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि तिथे समीकरण सोडवण्यापेक्षा ते लिहिण्यातच जास्त वेळ जातो. म्हणून आधी लिहिण्याबद्दलच बोलू.

रोध वेगाच्या कुठल्यातरी घाताच्या प्रमाणात आहे असे धरा, त्या घाताला एन म्हणू. व्ही हा वेग, टी वेळ, एक्स अंतर आणि सी स्थिरांक. समीकरण होते:

डीव्ही/डीटी = −सी × व्हीचा एन वा घात

वेळ हवा असेल तर डीटी एकटा काढा. अंतर हवे असेल तर डीव्ही/डीटीच्या जागी व्ही × डीव्ही/डीएक्स लिहा आणि डीएक्स एकटा काढा. वेळेसाठी व्हीच्या उणे एन घाताचे इंटिग्रेशन शून्यापर्यंत करावे लागते, अंतरासाठी एक उणे एन या घाताचे. पहिले इंटिग्रेशन एन एकापेक्षा लहान असेल तरच सांत, म्हणजे मर्यादित, येते. दुसरे एन दोनापेक्षा लहान असेल तरच. तुम्हा दोघांचे कोडे इथेच सुटते. एन शून्य, म्हणजे वेगाशी संबंध नसलेला स्थिर रोध, असेल तर वेळही सांत आणि अंतरही सांत. एन एक असेल तर अंतर सांत, वेळ अनंत. एन दोन असेल तर दोन्ही अनंत. गाडी खरोखर थांबवायची असेल तर वेग शून्याकडे जातानाही जे शून्य होत नाही असे एखादे बल समीकरणात असावेच लागते. रस्त्यावरच्या गाडीत ते असते, तुमच्या दोघांच्याही समीकरणात ते नव्हते.

यातून एक उपयोगी खूण मिळते. वेग अर्धा व्हायला किती वेळ लागतो ते मोजा, मग पुन्हा अर्धा व्हायला किती, मग पुन्हा. स्थिर रोधात हा वेळ दरवेळी अर्धा होतो. वेगाच्या प्रमाणातल्या रोधात तो दरवेळी तेवढाच राहतो. वर्गाच्या रोधात दरवेळी दुप्पट होतो, आणि वेग अर्धा होण्यासाठी लागणारे अंतर मात्र दरवेळी तेवढेच. हाती नोंदी असतील तर कुठलेही सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी हे तीन-चार कालावधी कागदावर मांडतो. कोणत्या प्रकारचा रोध कुठल्या वेगाला भारी आहे, हे तिथेच दिसते.

आता यातला प्रत्येक प्रकार खरा कुठे सापडतो ते बघू. वेगाच्या प्रमाणातला रोध पुस्तकाने उगाच शोधलेला नाही. काही मोठ्या बसगाड्यांना विद्युतचुंबकी रिटार्डर असतो. फिरणाऱ्या धातूच्या चकतीत चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाह उठतात आणि ते चकतीला अडवतात. कमी वेगात हे अडवणे जवळजवळ वेगाच्या प्रमाणात असते. तिथे थांबायला अनंत काळ लागतो हे उत्तर अक्षरशः खरे आहे, कारण रिटार्डर बसला शून्यावर कधीच आणू शकत नाही आणि शेवटचा भाग घर्षणाच्या ब्रेकलाच करावा लागतो. मुंबईच्या नव्या लोकलमध्ये मोटरच जनरेटर होऊन वीज तारेत परत पाठवते आणि गाडीचा वेग उतरवते. पण वेग अगदी कमी झाला की हे विजेचे ब्रेकिंग ओसरते आणि हवेचा ब्रेक गाडी उभी करतो. तुमच्या समीकरणाने जे सांगितले तेच इथे यंत्राच्या रचनेत दिसते.

वर्गाचा रोध शुद्ध रूपात बघायचा असेल तर गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच बघा. इंजिनाचा जोर काढला की तिला अडवायला मुख्यतः पाणीच उरते आणि नेहमीच्या वेगाला पाण्याचा रोध साधारण वर्गाच्या प्रमाणात असतो. ती रेंगाळत पुढे जातच राहते. म्हणून धक्क्याला लागताना सारंग इंजिन उलटे फिरवून वेग मारतो. वर्गाच्या समीकरणावर विसंबून धक्क्याला लागणे शक्यच नाही. (अगदीच कमी वेगाला पाण्याचा रोधही वर्गाऐवजी वेगाच्या प्रमाणाकडे झुकतो, त्यामुळे खरे अंतर अनंत नसते. पण तोवर भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा वेग लाँचच्या वेगाहून जास्त झालेला असतो.)

मोटारीकडे वळू. न्यूट्रलमध्ये तिच्यावर दोन मुख्य बले असतात. टायर रस्त्यावर फिरताना दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ऊर्जा जाते. हा रोलिंग रेझिस्टन्स. नेहमीच्या वेगात तो जवळजवळ स्थिर असतो आणि चांगल्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या ०.०१२ पट धरायला हरकत नाही. १२०० किलोला तो १४१ न्यूटन येतो. दुसरे बल हवेचे. मुंबईच्या उष्ण, दमट हवेची घनता घनमीटरला १.१५ किलोच्या आसपास असते. गाडीचा समोरचा छेद २.१ चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.३३ धरला, तर या तिन्हींच्या गुणाकाराचे निम्मे ०.४ येते. सेकंदाला २० मीटर वेगाला हवेचा रोध झाला १६० न्यूटन. म्हणजे या वेगाला टायर आणि हवा साधारण बरोबरीत आहेत. एकालाही सोडता येणार नाही.

इथेच असाइनमेंटमधला स्थिरांक तपासा. ४० गुणिले २० म्हणजे सुरुवातीलाच ८०० न्यूटन. प्रत्यक्षात बेरीज ३०१ आहे. न्यूट्रलमधल्या गाडीला ८०० न्यूटन रोध असेल तर ब्रेक कुठेतरी चिकटला आहे असे कुठलाही मेकॅनिक सांगेल. समीकरण सोडवण्याआधी शून्य सेकंदाला बल किती येते, हे पाहण्याची सवय लावून घ्या. दोन ओळींचे काम आहे आणि ८०० सारखा आकडा तिथेच पकडला जातो. बरे, स्थिरांक बदलून १५ केला म्हणजे सुरुवातीचे बल ३०० येते, तरी काम भागत नाही. मग अंतर १६०० मीटर येते आणि १३० सेकंदांनंतरही गाडी सेकंदाला जवळजवळ ४ मीटरने चाललेली दिसते. खरी गाडी तेवढ्या वेळात उभी राहिलेली असते, ते आता काढून दाखवतो.

दोन्ही बले घेऊन वस्तुमानाने भागले की:

डीव्ही/डीटी = −(ए + बी × व्ही²)

ए = ०.११८ मीटर प्रति सेकंद वर्ग, बी = ०.०००३३३ प्रति मीटर. चले वेगळी केली की हे टॅन इन्व्हर्सचे साधे इंटिग्रेशन आहे. थांबायचा वेळ (व्ही० म्हणजे सुरुवातीचा वेग):

टी = टॅन इन्व्हर्स (व्ही० × √(बी/ए)) ÷ √(ए × बी)

आकडे घाला. √(बी/ए) आहे ०.०५३, त्याला २० ने गुणले की १.०६, त्याचा टॅन इन्व्हर्स ०.८१६ रेडियन. कॅल्क्युलेटर डिग्रीवर असेल तर उत्तर पन्नास-साठ पट फुगेल, तेवढे सांभाळा. √(ए × बी) आहे ०.००६२७. उत्तर १३० सेकंद.

अंतरासाठी व्ही × डीव्ही/डीएक्स वापरा, टॅन इन्व्हर्सच्या वाटेला जाऊच नका:

एक्स = लॉग (१ + बी × व्ही०² / ए) ÷ (२ × बी)

कंसात २.१३ येते, त्याचा नैसर्गिक लॉग ०.७५६, आणि १५०० ने गुणले की ११३४ मीटर. पुष्कळ मुले आधी वेगाचे वेळेतले सूत्र काढतात आणि ते पुन्हा इंटिग्रेट करायला बसतात. टॅनचे इंटिग्रेशन करून उत्तर येतेच, पण वाट लांबची आहे आणि चिन्ह चुकण्याच्या जागा दुप्पट होतात. प्रश्नात वेळेचा उल्लेख नसेल तर वेळ समीकरणात आणूच नये.

आता मघाची खूण लावून बघा. या गाडीचा वेग २० वरून १० वर यायला ५२ सेकंद, १० वरून ५ वर यायला ३६.५, आणि ५ वरून अडीचवर यायला २०.४ सेकंद लागतात. वेळ दरवेळी कमी होतो आहे, आणि शेवटी शेवटी तो निम्म्याच्या जवळ येतो. म्हणजे हवा मागे पडत गेली आणि टायर उरला. फक्त हवा धरली असती तर १३० व्या सेकंदालाही गाडी ताशी ३८ किलोमीटरच्या वर असती. फक्त टायर धरला असता तर ती सुमारे १७० सेकंद आणि १६९५ मीटर चालली असती.

हे ए आणि बी आणायचे कुठून? कॅटलॉगमधून नाही, गाडीकडूनच. गाडी न्यूट्रलला सोडायची आणि वेग कसा उतरतो ते मोजायचे, याला कोस्ट-डाउन चाचणी म्हणतात. वाहनउद्योगात ती रोजची आहे आणि तिचे काम मोकळ्या, सपाट ट्रॅकवर चालते. इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तशा ठिकाणी. सी लिंकवर किंवा इस्टर्न फ्रीवेवर न्यूट्रलला गाडी टाकून असले काही करू नका. मागून येणाऱ्याला तुमचा वेग का उतरतो आहे ते कळत नाही, आणि ब्रेकचे दिवेही लागत नाहीत.

चाचणीचे तत्त्व मात्र स्टॉपवॉचवर समजते. ७५ वरून ६५ किलोमीटरवर यायला समजा ११.४ सेकंद लागले आणि २५ वरून १५ वर यायला २१.७. दोन्हीत वेग २.७८ मीटर प्रति सेकंदाने उतरला. पहिल्यात सरासरी मंदन ०.२४३७, दुसऱ्यात ०.१२८०. मधले वेग ७० आणि २०, म्हणजे १९.४४ आणि ५.५६ मीटर प्रति सेकंद, त्यांच्या वर्गांतला फरक ३४७. मंदनातला फरक ०.११५७ भागिले ३४७ म्हणजे बी, ०.०००३३३. परत घातले की ए, ०.११८. दोन अज्ञाते, दोन नोंदी. मंदन उभ्या अक्षावर आणि वेगाचा वर्ग आडव्या अक्षावर मांडला तर सरळ रेषा येते, तिचा उतार बी आणि उभ्या अक्षावरचा छेद ए. ती रेषा वाकली तर समजा की तिसरे काहीतरी समीकरणात यायचे राहिले आहे, बहुधा बेअरिंगमधल्या ग्रीसचा आणि गिअरबॉक्समधल्या तेलाचा वेगाच्या प्रमाणातला भाग. रेल्वेत म्हणूनच तिन्ही पदे ठेवण्याची पद्धत आहे: एक स्थिर, एक वेगाचे, एक वर्गाचे. डेव्हिस समीकरण म्हणतात ते हेच.

इथे दोन गोष्टी फार छळतात. पहिली उतार. ५०० ला १ चा उतार डोळ्याला दिसत नाही, पण तो मंदनात ०.०२ ची भर घालतो किंवा तेवढेच काढून घेतो, म्हणजे टायरच्या वाट्याचा सहावा हिस्सा. म्हणून त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी गाडी सोडतात आणि सरासरी घेतात. उतार त्यात पूर्ण कटतो. दुसरी वारा, आणि तो तसा कटत नाही. सेकंदाला ५ मीटरचा वारा समोरून असेल तर हवेचा रोध २५ च्या वर्गावर ठरतो, मागून असेल तर १५ च्या. सरासरी ४२५ येते, ४०० नाही. दोन्ही दिशांची सरासरी काढूनही वाऱ्याच्या वेगाचा वर्ग शिल्लक राहतोच. म्हणून वारा पडला असेल तेव्हाच चाचणी करतात. समुद्राकाठच्या रस्त्यावर तर हा आकडा कधीच विश्वासाचा येणार नाही.

आणखी एक, जी.पी.एस.चा वेग दर सेकंदाला घेऊन त्याचे वजाबाकीने मंदन काढू नका. वेगातली बारीक थरथर वजाबाकीत कित्येक पटींनी मोठी होते आणि रेषा दिसण्याऐवजी ठिपक्यांचा ढग दिसतो. टॅनचे सुटलेले सूत्रच वेगाच्या नोंदींवर बसवा. मोजले ते वेगात, तर जुळवणीही वेगातच व्हावी.

या चाचणीतून येते ते मंदन, बल नव्हे. बल हवे असेल तर वस्तुमानाने गुणायचे, पण चाकेही फिरत असतात आणि त्यांच्या फिरण्यातली ऊर्जाही खर्च व्हावी लागते. मोटारीसाठी वस्तुमानात तीन ते पाच टक्के भर घालतात. लोकलच्या हिशेबात डब्यांखालच्या मोटरींमुळे ती दहा टक्क्यांच्या आसपास जाते.

आतापर्यंत ब्रेकला हात लावला नाही. ब्रेक लागला की चित्र एकदम बदलते. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड, म्हणजे म्यू, ०.७ धरू, पावसाच्या पाण्याने ओल्या रस्त्यावर ०.४. ताशी ६० वरून जोराचा ब्रेक लावला तर थांबण्याचे अंतर वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी: कोरड्यावर २० मीटर, ओल्यावर ३५. त्याआधी ड्रायव्हरला दिसून पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर आणखी, म्हणजे पावसात एकूण ६० मीटर. या हिशेबात हवेचा रोध धरला नाही, आणि धरूही नये. ताशी ६० ला तो ०.०९ आहे, ओल्या रस्त्यावरचे ब्रेकचे मंदन ३.९. दोन टक्क्यांहून थोडेसे जास्त. म्यू नक्की ०.४ की ०.४५ हेच जिथे ठाऊक नाही, तिथे दोन टक्क्यांसाठी टॅन इन्व्हर्स काढणे म्हणजे वेळ वाया घालवणे. न्यूट्रलच्या प्रश्नात जे पद गाभ्याचे होते ते ब्रेकच्या प्रश्नात निरुपयोगी ठरते. कोणते पद ठेवायचे हे सवयीने ठरवू नका, त्या वेगाला दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि मग ठरवा.

ब्रेकच्या प्रश्नात हवेपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची गोष्ट पुस्तकात सहसा नसते, ती म्हणजे ब्रेक लगेच पूर्ण लागत नाही. हवेच्या ब्रेकमध्ये सिलिंडरमध्ये दाब चढायला वेळ लागतो. मंदन शून्यापासून वाढत जाऊन पूर्ण, म्हणजे ए०, होते असे धरा, टाऊ या कालस्थिरांकाने:

डीव्ही/डीटी = −ए० × (१ − ईचा (−टी/टाऊ) घात)

दोनदा इंटिग्रेट केले आणि टाऊपेक्षा बराच वेळ गेल्यानंतर गाडी थांबते असे धरले, की जादा अंतर येते व्ही० × टाऊ वजा ए० × टाऊ² भागिले २. कल्याणकडून येणारी बारा डब्यांची लोकल ताशी ६० ने फलाटात शिरते आहे आणि मंदन ०.८ आहे असे समजा. ब्रेक तत्काळ लागला तर १७४ मीटर. टाऊ दीड सेकंद असेल तर आणखी २४. डब्याची लांबी २० मीटरच्या थोडी वर असते. म्हणजे दाब चढण्याचा एवढासा वेळ विसरला तर गाडी फलाटावरच्या थांब्याच्या पाटीपासून एक डबाभर पुढे जाते, आणि पुढच्या डब्याचे दार फलाटाबाहेर येते. मोटरमन हे गणित मांडत नाही, त्याच्या हातात ते असते. पण सिम्युलेटर तुम्ही लिहीत असाल तर ते पद तुम्हालाच घालावे लागेल.

वस्तुमानाचेही असेच. मोटारीच्या जोराच्या ब्रेकमध्ये बल म्यू एम जी असते, म्हणून एम दोन्हीकडून कटतो आणि वर्गात सांगतात की थांबण्याचे अंतर वजनावर अवलंबून नाही. हे फक्त टायर पकडीच्या कमाल मर्यादेवर असताना खरे. लोकलचा रोजचा ब्रेक त्या मर्यादेच्या खूप खाली असतो, तिथे बल सिलिंडरमधल्या दाबाने ठरते आणि एम कटत नाही. गर्दीच्या वेळी गाडीत साडेचार हजार माणसे, सरासरी ६० किलोची, धरली तर २७० टन वजन फक्त माणसांचे झाले. दाब तोच ठेवला तर तेवढ्या प्रमाणात मंदन घटेल. म्हणून डब्यावरचा भार ओळखून दाब वाढवणारी व्यवस्था लागते. तुमच्या समीकरणात म्यू एम जी लिहायचे की एफ लिहायचे, हा निर्णय करण्याआधी बल कशाने मर्यादित होते हे स्वतःला विचारा.

हे सगळे कॉम्प्युटरवर सोडवायला घ्याल तेव्हा एक गोष्ट हमखास घडेल. वेग शून्याच्या खाली जाईल आणि गाडी मागे पळू लागेल. स्थिर रोधाला आपण उणे चिन्ह लिहून टाकतो, पण घर्षणाची दिशा वेगाच्या उलट असते, कायम मागे नसते. वेगाचे चिन्ह बदलले की त्याचेही बदलायला हवे. चिन्ह घातले तरी शून्याच्या आसपास उत्तर दोन्हीकडे थरथरते, कारण शून्यावर ते बल एकदम उडी मारते. सरळ मार्ग हा: प्रत्येक पायरीला वेग धनाचा ऋण झाला का ते बघा, झाला तर त्या पायरीत शून्य नेमके कुठे आले ते सरळ रेषेने काढा आणि तिथे वेग शून्य ठेवा. मग तपासा की उभ्या गाडीला हलवणारे बल कमाल घर्षणाहून जास्त आहे का. नसेल तर गाडी उभीच राहते. आपल्या मोटारीसाठी ही सीमा ०.०१२ आहे, म्हणजे साधारण ८३ ला १. त्याहून कमी उतारावर न्यूट्रलमध्ये ती उभी राहील, जास्त उतारावर स्वतःहून निघेल. कर्जत ते खंडाळा घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. उतरताना गुरुत्वाकर्षणाचा वाटा ०.२६५ होतो आणि पोलादी चाकांचा रुळावरचा रोध टायरच्या रोधाच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे तिथे डीव्ही/डीटी धन येते. त्या समीकरणात ब्रेकचे पद पूर्ण उताराला सतत लागते, आणि ब्रेक किती तापला याचे दुसरे समीकरण त्याला जोडावे लागते, कारण तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. १६ टनांचा ट्रक २० ला १ च्या उतारावरून ताशी ४० ने उतरवायचा तर ब्रेकमध्ये सतत (टायर-हवेचा रोध न धरता) ८७ किलोवॉट उष्णता जिरवावी लागेल. तो लहान गिअरमध्ये उतरवतात तो यासाठीच, म्हणजे त्यातला मोठा वाटा इंजिन घेते.

असाइनमेंट जमा करताना दिलेल्या स्थिरांकाने विचारलेले उत्तर, ६०० मीटर आणि वेळ अनंत, तसेच लिहा, कारण प्रश्न तोच आहे. त्याखाली शून्य सेकंदाचे बल ८०० आणि ३०१ असे शेजारी मांडा, स्थिर पद घालून १३० सेकंद आणि ११३४ मीटर काढून दाखवा, आणि मित्राच्या वर्गाच्या उत्तरातली १३० व्या सेकंदाची ताशी ३८ किलोमीटरची नोंदही त्याच तक्त्यात घ्या. तिन्ही वक्र एकाच आलेखावर काढलेत तर शेवटच्या तीस सेकंदांत ते एकमेकांपासून किती दूर आहेत ते मास्तरांना वेगळे सांगावे लागणार नाही.